मागच्या अर्ध्या गाडीसाठी : मोटार कंपन्यांच्या सुटे भाग विभागांना खुले पत्र

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

पाऊस उघडून दोन दिवस झाले होते. सामान ठेवायला गाडीचं मागचं दार वर केलं आणि आतून कुबट वास आला. कार्पेट उचललं, खालची फळी काढली, स्टेपनी बाहेर घेतली. स्टेपनीच्या खळग्यात चार बोटं पाणी होतं. तळाच्या पत्र्यावर एके ठिकाणी रंग फुगला होता आणि त्याच्या कडेने तांबूस रेघ दिसायला लागली होती. जुनी स्टेशन वॅगन, म्हणजे छत मागपर्यंत लांबवून सामानाची जागा आणि मागचं दार दिलेली गाडी, सांभाळणाऱ्या कुणालाही हे दृश्य नवं नाही. तुमच्यासमोर मात्र ही गाडी येते ती एका भाग क्रमांकाच्या रूपात, आणि त्या क्रमांकापुढे लिहिलेलं असतं : ‘उत्पादन बंद’. त्या दोन शब्दांबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

पाणी कुठून शिरतं ते शोधायची आमची पद्धत जुनीच आहे. एकाने टॉर्च घेऊन मागच्या भागात बसायचं, दार लावून घ्यायचं आणि दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी सोडायचं. सुरुवात खालून करायची आणि सावकाश वर सरकायचं. आधीच वरून पाणी सोडलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि फट सापडत नाही. माझा मुलगा आत बसला होता. दिव्यांमागची गॅस्केटं ठीक निघाली. दाराभोवतीचं रबरही ठीक होतं. नळी काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्याशी आली आणि तो आतून ओरडला, “इथे!” काचेभोवतीचं रबर कडक होऊन आकसलं होतं आणि कोपऱ्यात नखभर फट पडली होती. दाराच्या पोकळीत गेलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून तळाला भोकं ठेवलेली असतात. ती मातीने बुजली होती, म्हणून पाणी दाराच्या आतल्या आवरणावरून घरंगळत गाडीत उतरत होतं. भोकं तारेने मोकळी केली, खळगा वाळवला, गंज घासून प्राइमर मारला. हे सगळं दोन रविवारांत झालं. उरलं ते रबर.

ही गाडी माझ्याकडे अकरा वर्षं आहे. या काळात मी तिचं हेड गॅस्केट बदललं, क्लच बदलला, ब्रेकचे सिलिंडर, स्टिअरिंगचे जोड, पाण्याचा पंप, पुढचे बेअरिंग बदलले. यातला कुठलाही भाग मिळवायला आठवड्याहून जास्त लागला नाही. रबराची चौकशी केली तेव्हा तुमच्यासारख्याच एका विभागातल्या माणसाने अगदी आपुलकीने वीस मिनिटं शोधाशोध केली. शेवटी म्हणाला, “हे कधीच बंद झालं. कुठल्याच गोदामात शिल्लक नाही. सेडानचं आहे, ते चालेल का?” ते चालणार नाही हे त्यालाही माहीत होतं. सेडानची मागची काचच वेगळी असते. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या वॅगन बाळगणाऱ्या माझ्या ओळखीच्या प्रत्येकाला हेच उत्तर मिळालेलं आहे.

अडचणीचं मूळ या गाडीच्या बांधणीतच आहे. बहुतेक वॅगन एखाद्या सेडानच्या पोटी जन्माला आल्या. बॉनेटपासून पुढच्या दारांपर्यंत दोघी जुळ्या बहिणी असतात, म्हणून सेडानच्या जोरावर वॅगनचं इंजिन, गिअरबॉक्स, पुढचे ब्रेक आणि डॅशबोर्ड आजही जगतात. मागच्या सीटच्या दारांपासून दोघींची वाट वेगळी होते. छताचा लांब पत्रा, मागच्या बाजूच्या मोठ्या काचा आणि त्यांची रबरं, शेवटचा खांब, मागचं दार, त्याच्या बिजागऱ्या, कुलूप, वायपरची मोटर, दुमडणाऱ्या सीटचे खटके, सामानाच्या जागेतली आवरणं, छतावरच्या पट्ट्या हे सगळं फक्त वॅगनचं. पुष्कळदा मागच्या स्प्रिंगा, शॉक ॲब्सॉर्बर आणि सायलेन्सरचा शेवटचा तुकडाही वेगळा असतो. काही गाड्यांत पेट्रोलची टाकीसुद्धा वेगळी, कारण सेडानमध्ये टाकी जिथे बसते तिथे इथे लहान मुलांसाठी तिसरी सीट घातलेली असते.

सेडान जितक्या विकल्या गेल्या त्याच्या एका हिश्श्याइतक्याच वॅगन विकल्या गेल्या, म्हणून हे भाग मुळात कमी बनले. त्यात पुन्हा या गाड्या राबल्या. सेडान माणसांना घेऊन गेली आणि घरी येऊन उभी राहिली. वॅगनने विटा वाहिल्या, शिड्या वाहिल्या, ओली कुत्री, सायकली, वाद्यं, कपाटं, रुग्ण आणि शवपेट्याही वाहिल्या. सामानाच्या जागेतला पत्रा आतून ओरखडला गेला आणि त्या ओरखड्यांवर ओलावा बसला. मागची चाकं अवजड बोजाखाली दबून राहिली. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर गेला की मालकाने ती भंगारात दिली, कारण ती कामाची वस्तू होती आणि कामाची वस्तू कुणी काचेच्या कपाटात ठेवत नाही. आज एखादी वॅगन भंगारात सापडली तर तिचं इंजिन शाबूत असतं आणि मागचं दार कुजलेलं. आम्हाला हवं असतं नेमकं ते दार.

या गाडीचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे, तरी थोडा सांगते. रेल्वे स्टेशनवरून माणसं आणि ट्रंका आणायला मोटारीच्या सांगाड्यावर लाकडी खोकं बसवलं जायचं, तिथून हे नाव आलं. ती खोकी आधी बाहेरचे सुतार बनवत. १९२९ साली फोर्डने मॉडेल ए वर लाकडी वॅगन स्वतःच्या यादीत घातली. १९४६ च्या विलीज जीप स्टेशन वॅगनने लाकूड सोडून पूर्ण पोलादी अंग आणलं. १९४९ ची प्लिमथ सबर्बनही पोलादीच. ब्रिटनमध्ये मात्र १९५३ साली आलेल्या मॉरिस मायनर ट्रॅव्हलरने मागच्या अंगाला ॲश झाडाच्या लाकडाची चौकट ठेवली आणि ती १९७१ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत तशीच राहिली. पाहणाऱ्याला ते लाकूड सजावटीचं वाटतं. ती चौकट गाडीच्या बांधणीचा भाग आहे आणि लाकूड कुजलं तर गाडीचा मागचा भाग खचतो. म्हणून ट्रॅव्हलर बाळगणारे लोक वेल्डिंग शिकतात तसेच सुतारकामही शिकतात : सांध्यांना पाणी लागू द्यायचं नाही, काळं पडलेलं लाकूड टोकदार हत्याराने टोचून बघायचं, मऊ लागलं तर तो तुकडा पूर्ण बदलायचा. या एका गाडीसाठी लाकडाचे तयार संच आजही मिळतात. तिच्यावर प्रेम करणारे पुष्कळ होते आणि लाकडाला पोलादासारखा दाबाचा साचा लागत नाही, म्हणून ते जमलं. बाकीच्यांच्या नशिबी ते नाही.

बाकीच्यांपैकी काही गाड्यांकडे पाहिलं की तुमच्याच अभियंत्यांचा अभिमान वाटतो. जनरल मोटर्सच्या १९७१ ते १९७६ च्या मोठ्या वॅगनचं मागचं दार दोन भागांत नाहीसं व्हायचं. काच वर छतात सरकायची आणि खालचा पत्रा फरशीखाली जायचा. फोर्डने १९६६ साली असं दार दिलं जे फळीसारखं खालीही उघडायचं आणि खोलीच्या दारासारखं बाजूलाही. १९६४ च्या ओल्ड्समोबिल व्हिस्टा क्रूझरच्या छतालाच काच होती. सित्रोएनने १९५८ मध्ये आपल्या वायू आणि तेलावर चालणाऱ्या सस्पेन्शनची वॅगन आणली. कितीही ओझं भरा, गाडी आपली उंची सोडत नसे. मर्सिडीजने १९७८ पासून बांधलेल्या पहिल्या टी मॉडेल वॅगनलाही मागच्या बाजूला अशीच उंची राखणारी यंत्रणा दिली होती.

ही यंत्रणा दुरुस्त करताना जो आनंद मिळतो तो शब्दांत सांगणं अवघड आहे. इंजिनवरचा पंप तेलाला दाब देतो. मागच्या एक्सलला जोडलेली एक दांडी गाडी किती दबली ते झडपेला सांगते आणि झडप तेवढंच तेल आत सोडते. प्रत्येक चाकाशी एक पोकळ गोळा असतो. त्यात पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन आणि दुसऱ्या बाजूला तेल. स्प्रिंगची लवचिकता त्या नायट्रोजनमधून येते. वर्षानुवर्षं तो वायू पडद्यातून झिरपत निघून जातो आणि मग गाडी लाकडी बैलगाडीसारखी आपटायला लागते. ज्याला हे माहीत नाही तो शॉक ॲब्सॉर्बरला दोष देतो, टायर बदलतो, शेवटी साधी पोलादी स्प्रिंग बसवून घेतो आणि एक सुंदर यंत्र कायमचं निकामी होतं. सित्रोएनमध्ये आणखी एक धोका आहे. १९६६ च्या आधीच्या गाड्यांत लाल तेल आणि नंतरच्यांत हिरवं. दोन्हींची रबरं वेगळी, म्हणून एकाच्या जागी दुसरं ओतलं तर आतली सीलं फुगतात किंवा विरघळतात. कारखान्याने भागांना हिरवा रंग देऊन ही खूण करून ठेवली होती. एवढा विचार करणाऱ्या माणसांच्या कंपन्यांना हे पत्र लिहीत आहे, म्हणूनच मोकळेपणाने लिहिते आहे.

आता रबराकडे परत येते, कारण ते वाटतं तेवढं क्षुल्लक नाही. पाणी गळतं ही त्यातली लहान बाब. वॅगनची पाठ उभी, सपाट असते. गाडी वेगात धावते तेव्हा पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि तिथली हवा भोवऱ्यासारखी फिरते. सायलेन्सरचा धूर त्याच भोवऱ्यात सापडतो. मागच्या दाराची फट धड बंद नसेल तर तो धूर आत ओढला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, ज्याला रंग नाही आणि वासही नाही. मागची काच उघडी ठेवून वॅगन चालवू नका, असं आम्ही प्रत्येक नव्या छंदिष्टाला पहिल्याच दिवशी सांगतो. मागच्या दाराचं रबर आकसलं की गाडी कायमच काच उघडी ठेवल्यासारखी चालते, आणि शेवटच्या सीटवर बसलेली मुलं त्या फटीला सगळ्यात जवळ असतात. ‘उत्पादन बंद’ लिहिताना हा भाग सजावटीच्या यादीत गेला असेल, तर ती यादी कृपा करून पुन्हा तपासा.

दाराच्या वायरिंगचंही असंच आहे. मागच्या काचेचा हीटर, वायपर, पाण्याचा फवारा, नंबर प्लेटचा दिवा, कुलूप या सगळ्यांच्या वायरी छतातून बिजागरीपाशी एका रबरी नळीतून दारात उतरतात. दार दिवसातून पाच वेळा उघडलं तरी वर्षाला अठराशेच्या वर वेळा त्या वायरी वाकतात. बाहेरचं आवरण शाबूत दिसतं आणि आतली तांब्याची तार तुटलेली असते. कधी आवरणही फुटतं, उघडी तार पत्र्याला लागते आणि फ्यूज उडत राहतो. माणूस मोटर बदलतो, स्विच बदलतो. दोष मात्र हातभर लांबीच्या त्या नळीत असतो. आम्ही ती वायर वाकण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंनी बरीच मागे कापतो, बारीक तारांची आणि सिलिकॉन आवरणाची नवी वायर घालतो आणि सांधे एकाच ठिकाणी न घेता पुढेमागे घेतो, म्हणजे जाड गाठ होत नाही. हे आम्हाला जमतं. त्या वायरींवरून चढवायची ती रबरी नळी मात्र पुन्हा तुमच्याच साच्यातली. बाजारातली साधी नळी दोन वर्षांत फाटते, कारण तिची टोकं त्या भोकांसाठी बनलेली नसतात.

काचेची गोष्ट याहून कठीण आहे. पुढची काच दोन थरांची असते. ती सपाट असेल तर कुशल कारागीर कापून देऊ शकतो. मागची काच कडक केलेली असते : आधी आकार देऊन, भोकं पाडून, कडा घासून घ्यायच्या, मग तापवून झटकन थंड करायची. एकदा कडक झाली की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. प्रयत्न केला तर क्षणात तिचे दाणे होतात. म्हणजे वाकाचा साचा आणि अचूक मापं नसतील तर छोटा काच कारखाना काहीही करू शकत नाही. एका गल्लीत खेळणाऱ्या मुलाच्या चेंडूने एक चांगली चालती वॅगन कायमची बाद झालेली मी पाहिली आहे. इंजिन चांगलं, पत्रा चांगला, काच मात्र जगात कुठे मिळेना. मालक दीड वर्ष शोधत होता. शेवटी तिचे भाग सुटे करून इतरांना वाटले.

तुमच्यापैकी काही कंपन्यांनी जुन्या गाड्यांसाठी चांगलं काम केलं आहे आणि ते आम्ही विसरलेलो नाही. ब्रिटिश मोटर हेरिटेजने जुने साचे गोळा करून १९८८ साली एमजीबी या स्पोर्ट्स कारची पूर्ण नवी बॉडी बाजारात आणली. २०१७ मध्ये मझदाने पहिल्या एमएक्स-५ च्या पुनर्बांधणीची योजना जाहीर केली आणि त्याच वर्षी निसानने आर३२ स्कायलाइन जीटी-आरचे भाग पुन्हा बनवायला घेतले. २०१८ मध्ये पोर्शेने ९५९ च्या क्लचचा एक दांडा लेझरने पोलादाची भुकटी वितळवून बनवला, कारण तो भाग संपला होता. टोयोटाने २०२० मध्ये सुप्रा आणि २०००जीटीचे भाग पुन्हा बनवायला घेतले. या सगळ्या गाड्या पाहा. वेगासाठी बनलेल्या, मागे बसायला जागाच नाही किंवा नावापुरती, ज्यांची छायाचित्रं भिंतीवर लागतात अशा. त्यांचा मला हेवा नाही. पण यातून एक गोष्ट सिद्ध झाली : साचे हरवले, पुरवठादार बंद पडला, संख्या लहान आहे ही कारणं खरी असली तरी त्यांच्यावर मात करता येते. ज्या गाडीने कुटुंबं वाहिली तिच्या मागच्या दारासाठीही ती मात करता येईल.

आणि आम्ही त्याहून पुष्कळ कमी मागतो आहोत.

तुम्ही भाग बनवावेत अशी आमची अट नाही. बंद झालेल्या, फक्त वॅगनसाठी असलेल्या भागांची ड्रॉइंगं मोकळी करा. आधी रबर आणि काच, मग दाराचे खटके आणि बिजागऱ्या. रबरी पट्टी बनवणं फार अवघड काम नाही. पोलादी चकतीत त्या पट्टीच्या छेदाच्या आकाराचं भोक कापायचं आणि त्यातून गरम रबर दाबून काढायचं. आज बहुतेक ठिकाणी ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर वापरतात. ते ऊन आणि ओझोनसमोर जुन्या रबरापेक्षा पुष्कळ जास्त टिकतं. कोपरे वेगळ्या साच्यात जोडावे लागतात, खर्च तिथे असतो. छोटे कारखाने हे काम घ्यायला तयार आहेत. त्यांना ठरावीक लांबीची मागणी लागते, ती आम्ही एकत्र येऊन आगाऊ पैसे भरून देऊ. त्यांच्याकडे नसतो तो छेदाच्या मापांचा एक कागद.

काही ठिकाणी तर एक ओळ पुरेल. मागचं दार उचलून धरणाऱ्या गॅसच्या दांड्या घ्या. त्यांच्या नळीवर न्यूटनमध्ये जोर छापलेला असतो आणि चाळीस वर्षांत ती छपाई पुसून जाते. दांडीतला वायू गेला की दार डोक्यावर येतं. हे दार जड असतं. माझ्या एका सोबत्याच्या कपाळावर त्याची खूण आहे. लांबी, टोकांचा प्रकार आणि जोर एवढं कळलं तर कुठल्याही चांगल्या उत्पादकाची दांडी बसते. जोर चुकला तर दार एक तर थांबत नाही, किंवा इतक्या जोराने वर उडतं की बिजागरीजवळचा छताचा पत्रा वाकतो. तुमच्या संगणकात ही तीन माहितीची घरं भरलेली आहेत.

तसंच भाग क्रमांकांचं. वॅगनच्या वायपरची मोटर दुसऱ्याच एखाद्या मॉडेलमध्येही वापरलेली असते, कधी डिलिव्हरी व्हॅनमध्ये, कधी दुसऱ्या कंपनीच्या गाडीत, कारण पुरवठादार एकच होता. आम्ही हे शोधून काढतो ते भंगारात हातात पाना घेऊन आणि मोजपट्टीने. कुणी एकाने तीन वर्षांत तक्ता केला की तो दहा जणांच्या उपयोगी पडतो. हाच तक्ता तुमच्याकडे खरेदी विभागाच्या नोंदींत पूर्ण स्वरूपात आहे. शिवाय दुरुस्तीची पुस्तकं आहेत. मूळ पुस्तक सेडानचं असतं आणि वॅगनसाठी एक पातळ पुरवणी निघालेली असते. मूळ पुस्तक जुन्या बाजारात कधीही मिळतं. पुरवणी मिळत नाही, कारण वीस पानांचा कागद कुणी जपून ठेवला नाही. ती स्कॅन करून ठेवायला एक दुपार पुरेल.

तुमच्या मनात येणाऱ्या शंका मला माहीत आहेत. जबाबदारीचा प्रश्न आहे : बाहेर बनलेला भाग निकामी झाला आणि अपघात झाला तर? म्हणूनच ब्रेक, स्टिअरिंग यांची ड्रॉइंगं आम्ही मागत नाही, त्यांची आम्हाला गरजही नाही, कारण ते भाग मिळतात. आम्ही दाराचं रबर मागतो आहोत, आणि ते न मिळण्यातला धोका मी वर सांगितला आहे. काचेवर सुरक्षेची चाचणी आणि शिक्का लागतोच, तो बनवणाऱ्या कारखान्याने घ्यायचा आहे. तुमचं नाव आणि बोधचिन्ह त्या भागांवर नको. नव्या गाड्यांच्या विक्रीवर परिणाम होईल असं म्हणाल, तर जुनी वॅगन बाळगणाऱ्या प्रत्येक घरात रोजच्या वापराची दुसरी गाडी उभी असते. माझ्याकडेही आहे. माझी वॅगन नव्या गाडीपेक्षा स्वच्छ धूर सोडते असा दावा मी करणार नाही, सोडत नाही. ती आठवड्यातून एकदा बाहेर निघते.

एक गोष्ट मात्र तातडीची आहे. १९८४ मध्ये क्रायस्लरची मिनीव्हॅन आणि रेनोची एस्पास आली, मग उंच गाड्या आल्या आणि कुटुंबं तिकडे वळली. १९९१ मध्ये फोर्डची लाकडाच्या छपाईचं आवरण लावलेली कंट्री स्क्वायर थांबली, १९९६ मध्ये जनरल मोटर्सची शेवटची मोठी वॅगन निघाली, आणि व्होल्व्होची २४० तर १९९३ मध्येच थांबली होती. म्हणजे ज्यांनी त्या दारांचे खटके जुळवले, काचांचे वाक ठरवले, ती माणसं निवृत्त झाली आहेत किंवा होत आहेत. कागदावरची ड्रॉइंगं गोदामांत आहेत, आणि गोदामं रिकामी करायची वेळ येते तेव्हा कुणी विचारत बसत नाही. फिवा या ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाच्या व्याख्येत किमान ३० वर्षं जुनी आणि इतिहासाला धरून जपलेली गाडी बसते. या साऱ्या गाड्या त्या वयाच्या झाल्या आहेत किंवा होत आहेत. ज्या वर्षी त्यांना वारसा म्हणून मान मिळतो त्याच सुमारास त्यांचे कागद कचऱ्यात जातात. यापुढे एकही साचा, एकही ड्रॉइंग टाकण्याआधी एक जाहीर सूचना द्या. एवढं आजपासून सुरू करता येईल, त्यासाठी समिती नको आणि पैसाही नको. न्यायला कुणी आलंच नाही तर टाकून द्या. पण कुणीतरी येईल. मी येईन.

सध्या मी त्या काचेच्या कडेला ब्युटाइल रबराची चिकट पट्टी दाबून पाणी थांबवलं आहे. सिलिकॉन भरायचा सल्ला पुष्कळांनी दिला. तो मी मानला नाही. सिलिकॉन वरून फट झाकतं आणि खाली पाणी धरून ठेवतं. शिवाय त्या जागी पुढे रंग बसत नाही. ब्युटाइल मऊ राहतं आणि नवं रबर मिळेल त्या दिवशी सहज निघतं. भंगारातल्या तशाच एका वॅगनच्या दारावरून मी ते रबर काढून आणलं आहे. ते सपाट फळीवर ठेवून त्याचा छेद घेतला, कॅलिपरने जाडी, ओठाची उंची, काच बसते त्या खाचेची रुंदी मोजून कागदावर काढली. एका छोट्या रबर कारखान्याला तो कागद दाखवला. कारखानदाराने तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “नवं असताना हे केवढं होतं?” चाळीस वर्षांत आकसलेल्या रबराची मापं घेऊन पट्टी काढली तर ती पहिल्या दिवसापासूनच अपुरी पडेल. त्याच्या प्रश्नाचं उत्तर फक्त तुमच्या कपाटातल्या ड्रॉइंगवर आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एका जुन्या स्टेशन वॅगनची मालकीण आणि मेकॅनिक